मदत हवी आहे: उन्हाळ्यात फोटोच्या प्रिंटच्या कडा राखाडी येताहेत (घरची डार्करूम, नागपूर)

नमस्कार. महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या न्हाणीघरात मी डार्करूम मांडली आहे. एन्लार्जर (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र) बाबांचा. त्यांनी तरुणपणी काढलेल्या मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीच्या निगेटिव्ह डब्यात सापडल्या. त्यातली पिवळ्या मारबतीची एक यंदा पोळ्याच्या आत नीट छापून त्यांच्या हातात द्यायची आहे. त्यांची नजर उतरत चालली आहे, म्हणून घाई.

हिवाळ्यात प्रिंट छान येत होते, मे लागला आणि बिघडलं. डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं द्रावण, घरीच कालवते, डी-७२ नावाच्या कृतीने: लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, सोडियम कार्बोनेट मोनोहायड्रेट ८०, पोटॅशियम ब्रोमाइड २. वापरताना एकास दोन पाणी. पण गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी सातलाच ३४ अंश! २० अंशांना सावकाश येणारं चित्र दहाएक सेकंदांत उमटतं आणि पाठोपाठ सगळा कागद मळतो. माणसांचे पांढरे सदरे धुणं न निघाल्यासारखे दिसतात. ईझलच्या (एन्लार्जरखाली कागद धरणाऱ्या चौकटीच्या) पट्टीखाली झाकलेली कडसुद्धा राखाडी. तिथे एन्लार्जरचा उजेड पोचतच नाही, मग एक्स्पोजर जास्त झालं असं कसं म्हणू?

कागद मल्टिग्रेड आरसी (प्लास्टिकचा लेप असलेला), दिवाळीत घेतलेला. काम करताना लावायचा दिवा लाल झिरोचा, ट्रेपासून दोन हातांवर. दोष उन्हाचा की उजेडाचा, हे कसं ओळखायचं? कागद महाग आहे, उगाच नासवायला जीव होत नाही.

प्रतिसाद

ताई, कडेचं बरोबर हेरलंत. स्टुडिओत चाळीस उन्हाळे काढलेत, म्हणून सांगतो. मिट्ट काळोखात, लाल दिवाही बंद ठेवून, एका कागदाच्या तीन पट्ट्या करा. पहिली सरळ फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात), ती पांढरीच राहील, तुलनेला. दुसरी डेव्हलपरमधून काढून फिक्सरमध्ये. दुसरी मळकी निघाली तर कागद उष्म्याने गेला किंवा डेव्हलपर तापलाय. तिसरीवर फिकट राखाडी येईल इतकाच उजेड पाडा, वर नाणं ठेवा आणि लाल दिव्याखाली पाच मिनिटं सोडून मग डेव्हलप करा. थोडा उजेड लागलेला कागद लाल दिव्यालाही लवकर बळी पडतो, म्हणून कोऱ्या कागदावरची ही चाचणी फसवते. नाण्याचा गोल उमटला तर दिवा दोषी. रंग फासलेल्या बल्बवर माझा कधीच भरवसा नाही.

बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, पातळ होतो. ट्रेच बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवा. आणि चिमटा वापरा, मेटॉलने काहींची बोटं खाजतात.

धागाकर्ती

काका, खूप आभार! काल रात्री तिन्ही केल्या. ३४ अंशांना दुसरी किंचित मळकी. परातीत डेव्हलपर २२ वर आणून पुन्हा केली, तर अगदी पहिलीसारखी पांढरी. म्हणजे कागद शाबूत आहे! पण नाण्याचा गोल लख्ख उमटला. बल्ब काढून पाहिला, तर होल्डरजवळ रंगाचा टवका उडालेला. आता डार्करूमचा फिल्टरवाला दिवाच आणते.

एक राहिलंच. आरसी कागद शेवटी दोनच मिनिटं धुवायचा, पण नळाला तेच ३४ अंशांचं पाणी. २२ च्या फिक्सरमधून एकदम त्यात घातला तर वरचा थर सैल होईल का? की बादलीतलं थंड पाणी चारदा बदललं तरी भागेल?