इंग्रजी साहित्याचे कालखंड नुसते पाठ करायचे का? राजा मेला की पुस्तकं कशी बदलतात?

दांडियाबाजारची
नमस्कार सगळ्यांना. मी बडोद्यालाच असते, एम.ए. इंग्लिश बाहेरून करतेय. शाळा पूर्ण मराठीतून झाली, मग लग्न, मुलं, आता धाकटा कॉलेजला गेला तेव्हा परत अभ्यासाला बसले. बाकी पेपर जमतात पण साहित्याच्या इतिहासाचा पेपर डोक्यात शिरतच नाही. गाईडमध्ये डावीकडे राजे आणि लढाया, उजवीकडे लेखकांची नावं, आणि मधे नुसती रेघ. १६४२ ला नाटकं बंद, १६६० ला परत सुरू, हे पाठ झालं, पण त्यामुळे लिहिण्यात काय बदललं ते कुठेच नाही. आणि कादंबरी अठराव्या शतकातच का जोर धरते, आधी लोकांना गोष्टी आवडत नव्हत्या का? जिथे क्लास लावला होता तिथेही फक्त नोट्स लिहून घेतल्या. कोणी समजेल असं सांगाल का प्लीज.

निवृत्त मास्तर
ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. मी मुलांना शिकवायचो तेव्हा राजाचं नाव बाजूला ठेवायला सांगायचो आणि म्हणायचो की आधी बघा पैसे कोण देतंय, ऐकायला कोण बसलंय, आणि बंद करायची ताकद कोणाकडे आहे.

नाटकच घ्या. १५७६ मधे लंडनला कायमचं नाट्यगृह बांधलं ते गावाच्या हद्दीबाहेर, कारण शहराच्या कारभाऱ्यांना ही गर्दी नको होती. एक पेनी देऊन उभ्याने बघणारा हमाल आणि वर बसलेला सरदार, दोघं एकाच खेळाला, म्हणून शेक्सपिअरमधे राजाच्या भाषणाला लागूनच दारवानाचे चावट विनोद येतात. बायकांची कामं पोरं करायची, हे आपल्याला वेगळं समजवायला नको, आपण बालगंधर्वांची माणसं. मग नायिकेला मुलाचा वेश देणं किती सोयीचं बघा! १६४२ ला राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं, पार्लमेंटने नाट्यगृहं बंद केली, १६४९ ला राजाचं डोकं उडवलं. १६६० ला त्याचा मुलगा परदेशातून परत आला आणि लंडनमधे नाटक करायची परवानगी फक्त दोन कंपन्यांना दिली. नाट्यगृहं आता छपराखाली, तिकीट महाग, स्टेजवर खऱ्या बायका, समोर दरबारी लोक. हमाल बाहेर गेला की त्याच्यासाठीचे विनोदही गेले, आणि राहिली लग्न, हुंडा, लफडी, चुरचुरीत बोलणं असली कॉमेडी. गाईडमधल्या त्या रेघेच्या जागी हे लिहा.

आता १७३७. पंतप्रधान वॉलपोलवर नाटकांतून इतकी टीका व्हायला लागली की कायदाच आला, आधी सरकारी अधिकाऱ्याला दाखवून मंजुरी घ्या मग खेळ लावा. फिल्डिंग तेव्हा गाजलेला नाटककार, त्याचं नाटक सुटलं, तो वकिली शिकला आणि कादंबरीकडे वळला, त्याची टॉम जोन्स १७४९ ची. छापील पुस्तकाला अशी आधी मंजुरी लागत नव्हती ना. नाटक आधी तपासायची ती पद्धत तिकडे १९६८ पर्यंत टिकली. आपल्याकडे इंग्रजांनी १८७६ ला असाच कायदा आणला, आणि खाडिलकरांच्या कीचकवधात कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन हे प्रेक्षकांना बरोबर कळत होतं म्हणून १९१० ला ते बंद केलं.

रावपुऱ्यातला छापखानावाला
मास्तरांनी मंजुरीचं सांगितलं, मी किमतीचं सांगतो कारण आमचा धंदाच तो. १६९५ ला इंग्लंडात छपाईआधी परवानगी घ्यायचा कायदा संपला तो परत आलाच नाही, मग वर्तमानपत्रं वाढली, कॉफीहाउसात ती वाचली जायची, व्यापारी घरांत वाचणारे वाढले, बायकाही वाचायला लागल्या, आणि या लोकांना राजाराणीपेक्षा आपल्यासारख्या माणसाची गोष्ट हवी होती. कादंबरी तिथे रुजली.

पण खरी मजा एकोणिसाव्या शतकात आहे. तेव्हा नवी कादंबरी तीन भागांत निघायची आणि किंमत साडेएकतीस शिलिंग, साध्या माणसाच्या आवाक्याबाहेर. म्हणून मुडीसारख्या लायब्रऱ्या चालायच्या, वर्षाला एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग भरा आणि एका वेळी एक भाग घरी न्या. तीन भाग म्हणजे एकच कादंबरी एकाच वेळी तीन घरांत! त्यामुळे लेखकाला तीन भाग भरतील इतकं लांबवावं लागायचं, आणि घरात मुलीबाळींसमोर वाचता येईल असंच लिहावं लागायचं, नाहीतर लायब्ररी घ्यायची नाही. १८९४ ला या मोठ्या लायब्रऱ्यांनीच जास्त पैसे देणार नाही म्हटलं तर तीन भागांची कादंबरी दोनचार वर्षांत संपली. डिकन्सने वेगळी वाट काढली, त्याची पिकविक ही कादंबरी १८३६ पासून महिन्याला एक शिलिंगचा अंक. मग पुढच्या महिन्यापर्यंत वाचकाला टांगून ठेवणं आलंच, आपले हरिभाऊ आपटे करमणूकमधे क्रमशः लिहायचे तसं. आणि इथे सयाजीराव महाराजांनी १९१० पासून लायब्रऱ्यांचं जाळं उभं केलं, पेट्यांत भरून चोपड्या खेड्यांत पाठवल्या. बडोदेकर म्हणून हे आठवलं की मला भरून येतं.

वाचक_वडोदरा
दोघांचं पटलं पण एक गोष्ट राहतेय. सगळं वाचकाच्या खिशावर ठरत असतं तर १६६० नंतर सगळ्यांनी दरबारी कॉमेडीच लिहिली असती ना? कवी मिल्टन बघा. तो राजाविरुद्धच्या बाजूचा, पण त्याच्याच बाजूच्या पार्लमेंटने छपाईवर बंधनं आणली तेव्हा १६४४ ला त्याने त्यांच्याविरुद्धही लिहिलं. राजा परत आला तेव्हा हा आंधळा, हरलेला, काही दिवस तर कैदेत. आणि १६६७ ला त्याचं स्वर्ग हरवल्याचं महाकाव्य, पॅरडाइज लॉस्ट, आलं, हातात आधी पाच पौंड पडले. काळाच्या उलट लिहिलंय, तरी ज्यांचं राज्य बुडालं त्यांचं दुःख त्यात आहेच. म्हणजे काळ माणसाला एकाच बाजूला ढकलतो असं नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या ब्राँटी बहिणींचंही तसंच, पुरुषी वाटणारी नावं घेऊन छापलं १८४७ ला, पण आत लिहिलं ते बाईच्याच मनातलं.

दांडियाबाजारची
काय सांगू, सकाळपासून तीनदा वाचलं. मास्तर, गाईडमधे १७३७ च्या बाजूला पेन्सिलने १८७६ आणि कीचकवध लिहून टाकलं, आता ते विसरायची नाही. मिल्टनचं माझ्याकडे एकाच ओळीत आहे, ते उद्या मांडवीकडे काम आहे तर सेंट्रल लायब्ररीत जाऊन काढते. एकच विचारायचं, परीक्षेत उत्तरात आपल्याकडचं उदाहरण दिलं तर चालतं ना?

निवृत्त मास्तर
चालतं, एका ओळीत द्या. आधी फिल्डिंग नीट लिहा मग कीचक. मी पेपर तपासताना अशा ओळीपाशी थांबायचो.