विषय: चिऊ-काऊची गोष्ट आणि न टिकणारे शब्द

सर्वांना नमस्कार,
रविवारच्या मराठी शाळेत, घराबाहेर मराठी न ऐकणाऱ्या 6-7 वर्षांच्या मुलांना चिऊ-काऊची गोष्ट सांगून शेवटी 20 शब्दांची यादी दिली जाते. गोष्ट मुलांना पाठ होते, पण पुढच्या रविवारी यादीतले शब्द आठवत नाहीत. कुठे चुकतंय?
– एक पालक

दादा,
20 फार झाले. एका गोष्टीत नवे शब्द 6च ठेवा, आणि ते असे निवडा की त्यांच्यावाचून गोष्ट अडेल. शेण म्हणजे काय हे कळल्याशिवाय काऊचं घर का वाहून गेलं ते कळत नाही, म्हणून तो शब्द टिकतो. शोभेला घातलेला शब्द गळतो.

शेण-मेण यमकाला छान आहेत, पण दोन्ही एकदम नवे असले की मुलं अदलाबदल करतात. मेण आदल्या रविवारीच मेणबत्ती हातात देऊन पक्कं करून घ्या.

यादीची खरी खोट मात्र वेगळी आहे. यादीत ‘पाऊस’ असतो, गोष्टीत ‘पावसात’ येतं. ‘आंगडं’ शिकवतो आणि बोलतो ‘आंगड्याला’. घराबाहेर मराठी न ऐकणाऱ्या मुलाला हे दोन निराळे शब्द वाटतात. म्हणून सांगताना दोन्ही रूपं लागोपाठ आणा: “पाऊस आला. पावसात काऊचं घर वाहून गेलं.”

मग थांबून याच क्रमाने विचारा: “चिऊचं घर मेणाचं होतं का?” “मेणाचं की शेणाचं?” “कशाचं होतं?” तिसरा प्रश्न आधी आला की मूल गप्प होतं, आपण घाईने इंग्रजी अर्थ सांगून टाकतो, आणि मूल मराठी शब्द सोडून तोच धरून ठेवतं. बुधवारी घरी तीच गोष्ट काऊच्या तोंडून सांगायला लावा. आजी व्हिडिओ कॉलवर असेल तर फारच उत्तम.
– बालवर्गाची शिक्षिका

ताई, 11-12 वर्षांच्या मुलांना चिऊ-काऊ लहान वाटते. त्यांचं काय करायचं?
– तोच पालक

त्यांनाच गोष्ट रचू द्या. बॉवर आणि क्लार्क या मानसशास्त्रज्ञांच्या 1969च्या प्रयोगात 10-10 शब्दांच्या 12 याद्या होत्या. गोष्ट रचणाऱ्यांना शेवटी 93 टक्के शब्द आठवले, नुसते पाठ करणाऱ्यांना 13. पण ते शब्द त्यांच्याच भाषेतले, ओळखीचे होते. आपल्या मुलांना आधी अर्थ पक्का हवा, म्हणून 10ऐवजी 5 शब्द द्या आणि प्रत्येक शब्द गोष्टीत निदान तीनदा यायलाच हवा, त्यातला एकदा तरी प्रत्यय लावून.
– बालवर्गाची शिक्षिका