थ्रिलरची पहिली पाच मिनिटं: कुठल्या सुरुवातीने तुमची झोप उडवली?

नमस्कार मंडळी, हा धागा काढायला कारण घरातलं भांडण आहे, आधीच सांगते. आमच्या नवरोबांचं ठाम मत आहे की सिनेमाच्या सुरुवातीला नुसती नावं येतात, त्यामुळे दहा मिनिटं उशिरा पोचलो तरी काही बिघडत नाही. परवा असंच झालं. अंधारात लोकांचे पाय तुडवत जाऊन बसलो, सिनेमा मर्डर मिस्टरी, आणि पडद्यावर जो तो एका बाईबद्दल बोलतोय, तिचा फोटो, तिची खोली, तिचा फोन. आम्हाला वाटलं आता येईल, मग येईल. मध्यांतरात शेजारच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "अहो काकू, ती पहिल्या चार मिनिटांतच मेली!" म्हणजे आख्खं थिएटर खुनी कोण म्हणून जीव मुठीत धरून बसलेलं आणि आम्ही दोघं मेलेल्या बाईची वाट बघतोय.

तर मला तुमचे अनुभव हवेत. कुठल्या सुरुवातीने तुम्हाला गप्प केलं, नेमकं कशामुळे, आणि कुठे सगळं जमवूनही फुसका बार निघाला. परीक्षण नको प्लीज, तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा. स्पॉयलर असेल तर आधी इशारा द्या.

---

तुमच्या नवऱ्यासारख्या लोकांसाठीच हिचकॉकने १९६० साली नियम केला होता, 'सायको' सुरू झाला की थिएटरात कोणालाही आत सोडायचं नाही. नुसती जाहिरातबाजी नव्हती ती (होती पण), त्यामागे साधा हिशोब होता. (स्पॉयलर!) सिनेमातली मोठी नटी अर्ध्याच्या आत मरते, उशिरा आलेला माणूस ती कधी येणार म्हणून शेवटपर्यंत वाट बघत बसला असता. म्हणजे डिट्टो तुम्ही.

मी तो कॉलेजात असताना पाहिला. सुरुवातीला शहर दिसतं आणि पडद्यावर लिहून येतं, शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारचे २:४३. एवढंच. पण मी तिथेच अडकलो. अडीच नाही, पावणेतीन नाही, २:४३ कशाला? कोणीतरी मिनिटामिनिटाची नोंद ठेवतंय म्हणजे पुढे याची चौकशी होणार असं डोक्यात बसलं. मग कॅमेरा एका अर्धवट पाडलेल्या पडद्याखालून खोलीत शिरतो आणि आपण चोरून बघतोय असं वाटायला लागतं. अजून कोणी कोणाला चापट पण मारलेली नाही हो.

---

+१, मेलेल्या बाईची वाट वाचून ऑफिसात जोरात हसले.

---

माझा अनुभव मुलामुळे आलेला. तो सात वर्षांचा असताना आम्ही बघत असलेल्या सिनेमात मध्येच येऊन उभा राहिला आणि भीती वाटली तेव्हा त्याने डोळे नाही झाकले, कान झाकले. डोळे सताड उघडे! मी त्याला विचारलं असं का, तर म्हणे चित्राची भीती नाही वाटत, ते वाजतंय त्याची वाटते.

त्या रात्री मुलगा झोपल्यावर मी तोच सीन म्यूट करून पाहिला. एक बाई जिना चढते. बस. किल्ली काढते, दार उघडते. आवाज लावला तर अंगावर काटा. तेव्हापासून घाबरट सीन आला की मी पण कान झाकते, कोणाला सांगू नका.

---

वरचा मुलगा हुशार आहे. मला दिसत नाही, जन्मापासून. लोकांना वाटतं मी सिनेमा बघायला जातो म्हणजे गंमत म्हणून जातो, पण थ्रिलर हा माझा आवडता प्रकार आहे आणि त्याच्या सुरुवातीबद्दल मला तुमच्यापेक्षा दोन गोष्टी जास्त कळतात असा माझा गर्व आहे.

'जॉज' (१९७५) आम्ही बहीणभाऊ घरी बघत होतो. ती मला कुजबुजत सांगायची काय चाललंय ते. मुलगी रात्री समुद्रात पोहायला गेली, तिच्या मागे आलेला मुलगा दारू पिऊन काठावर आडवा. इथपर्यंत ठीक. मग ते दोन सूर सुरू झाले, जॉन विल्यम्सचे, फक्त दोन, आधी सावकाश मग जवळ जवळ, आणि मी बहिणीला विचारलं काय आलंय? ती म्हणाली, काहीच नाही, पाणी आहे. मी म्हटलं अगं काहीतरी आलंय. ती म्हणाली नाही रे बाबा, नुसतं पाणी आहे! मग ती मुलगी किंचाळायला लागली, पाण्याचे फटके, बोयावरच्या घंटेचा आवाज, आणि एकदम शांत. बहीण पण शांत. मी दोनदा विचारलं काय झालं, तर म्हणाली, मला पण नाही दिसलं.

मला इतका आनंद झाला काय सांगू. पहिल्यांदाच आम्ही दोघं एका पातळीवर होतो. त्या सीनमध्ये शार्क दाखवलेलाच नाहीये, पुढे पण कितीतरी वेळ दाखवत नाहीत. नंतर वाचलं की त्यांचा यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून न दाखवता काम भागवावं लागलं. आणि एक बघा, पुढे दोन पोरं खोटा पंख लावून लोकांना घाबरवतात तेव्हा ते दोन सूर वाजत नाहीत. मी तेव्हाच बहिणीला सांगितलं होतं की हा खोटा आहे. ती अजून मानत नाही.

---

वरच्या दादांना हात जोडून नमस्कार, आणि त्यांच्यासाठीच लिहितोय. ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) मिळवा, पण कुठली प्रत मिळते ते बघून घ्या.

सुरुवात अशी आहे की दोन हात टाइम बॉम्बचा काटा फिरवतात, तो माणूस पळत जाऊन बॉम्ब एका गाडीच्या डिकीत ठेवतो, तेवढ्यात एक जोडपं येऊन गाडीत बसतं आणि गाडी निघते, आणि कॅमेरा क्रेनवरून घरांच्या छपरावरून गाडीच्या मागे मागे, मध्ये एकही कट नाही, सव्वातीन मिनिटांच्या वर चालतं हे, रस्त्यात गर्दी, बकऱ्या, हातगाड्या, आणि एक नवंकोरं लग्न झालेलं दुसरं जोडपं चालत चाललंय जे कधी गाडीच्या पुढे तर कधी गाडीच्या शेजारी. सीमेवरच्या नाक्यावर गाडी थांबते तेव्हा आतली बाई म्हणते माझ्या डोक्यात काहीतरी टिकटिक होतंय, आणि कोणी लक्ष देत नाही. मी पहिल्यांदा बघताना श्वास घेतलाच नव्हता बहुतेक. कट नसल्यामुळे सुटका नाही ना, एरवी कट झाला की आपण नकळत सैल होतो.

आता प्रतीची भानगड. स्टुडिओने या शॉटवर नावं टाकली आणि वर हेन्री मॅन्सिनीचं झकास संगीत लावलं. वेल्सने स्टुडिओला सिनेमाबद्दल ५८ पानांचं पत्र लिहिलं होतं, त्या पत्रावरून वॉल्टर मर्चने १९९८ मध्ये नवं संकलन केलं, त्यात नावं पण गेली आणि ते संगीत पण गेलं. राहिला फक्त रस्ता. दारूच्या अड्ड्यांतून येणारी वेगवेगळी गाणी आणि त्या गाडीतला रेडिओ. रेडिओ जवळ आला की बॉम्ब जवळ आला, लांब गेला की हुश्श. मी दोन्ही प्रती पाठोपाठ पाहिल्या. पहिल्या प्रतीत सिनेमा मला सांगत होता की बघ किती भारी चाललंय, दुसरीत मीच बॉम्ब शोधत होतो.

---

आत्ताच ऐकला, ९८ वाला. रेडिओचं तुम्ही सांगितलं नसतं तरी मी पकडलं असतं, पण आभार. बहिणीला या वेळी मी कॉमेंट्री दिली.

---

सगळे जुनं जुनं गोंजारताय म्हणून जरा विरोधी सूर लावतो. मला या 'हादरवणाऱ्या' सुरुवातींचा उबग आलाय. कुठलीही सिरीज लावा: रात्र, जंगल, अनवाणी पळणारी मुलगी, धापा, मागे वळून बघते, पडते, वरून ड्रोन शॉट, काळा पडदा, आणि मग 'सहा महिन्यांपूर्वी'. झालं. मग तीन एपिसोड ऑफिस राजकारण बघा. हे म्हणजे तिकीट विकत घ्यायला लावून बसस्टॉपवर उभं करणं. पहिल्या सीनवर विश्वासच नाही लेखकाचा, म्हणून शेवटातला तुकडा कापून पुढे आणायचा.

हिचकॉकचंच ते प्रसिद्ध उदाहरण आहे ना, टेबलाखाली बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, पण प्रेक्षकाला आधीच दाखवला तर पंधरा मिनिटांची घालमेल. ही पळणारी मुलगी दोन्हीत बसत नाही. ती कोण ते माहीत नाही मग मला काळजी का वाटावी? टारंटिनोच्या 'इनग्लोरियस बास्टर्ड्स'चा (२००९) पहिला सीन बघा, पंधरा-वीस मिनिटं दोन माणसं, एक शेतकरी आणि एक नाझी अधिकारी, टेबलाशी बसून बोलतात, तो अधिकारी दूध मागतो, पितो, छान आहे म्हणतो. इतका सभ्य की आपल्यालाच लाज वाटते संशय घेतल्याची. मग कॅमेरा हळूच फरशीच्या फळ्यांखाली जातो, तिथे लपलेली माणसं आहेत. आणि त्यानंतर तो दूध पितानाचा घोट आठवतो तुम्हाला. पळापळ नाही, ड्रोन नाही.

---

ड्रोन शॉटवाल्या दादांनी माझं दुखणं उकरलं. मी असली सुरुवात स्वतः केलेली आहे, कबुली देते.

आमची शॉर्ट फिल्म, एकूण चौदा मिनिटांची, त्यातली अडीच मिनिटं मी सुरुवातीवर उधळलेली. रिकामं घर, धुक्याचं मशीन भाड्याने आणून केलेलं धुकं (घरात धुकं का होतं याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही), फोन वाजतोय, कोणी उचलत नाही, वर व्हायोलिन, आणि भिंतीवर सावली. पहिल्या खेळाला चाळीसेक माणसं. फोन पाचव्यांदा वाजला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "अरे उचला रे!" आणि सगळे हसले. मी अंधारात जमिनीत जायला जागा शोधत होते.

आमच्या एडिटरने नंतर शांतपणे टाइमलाइन उघडली आणि पहिलं व्हायोलिन काढलं. मग सावली काढली. मला वाटलं आता काय राहिलं? मग त्याने रशेसमधला, म्हणजे न कापलेल्या कच्च्या चित्रणातला, एक तुकडा शोधला जो मी टाकून दिला होता: आमची नटी शूटिंगच्या आधी सहज टेबलावर दोन कप मांडते, एक उचलून परत कपाटात ठेवते. अॅक्शन म्हणायच्या आधीचा तुकडा! त्याने सिनेमा तिथून सुरू केला. खाली फक्त रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा जो बारीक गूं असतो तो, आणि तिने कप परत ठेवला त्या क्षणी त्याने तो गूं पण बंद केला. पूर्ण शून्य आवाज, दोन सेकंद असेल. मग फोन. एकदाच.

दुसऱ्या खेळाला कोणी हसलं नाही. एका बाईंनी नंतर येऊन विचारलं की तो दुसरा कप कोणाचा होता? मला माहीतच नव्हतं, नटीला विचारलं तर म्हणाली चिरा गेला होता म्हणून ठेवला. पण मी त्या बाईंना गूढ हसून दाखवलं.

---

गूढ हसून दाखवलं =)) =))

---

मी तुमच्यात बहुतेक सगळ्यात मोठा असेन वयाने. आमच्या वेळचा 'वो कौन थी' (१९६४) कोणी लिहिला नाही म्हणून टंकतो, चुका सांभाळून घ्या. डॉक्टर भर पावसात गाडी चालवतोय, रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई, तो तिला गाडीत घेतो, आणि वायपर बंद पडतात. समोरचं काही दिसत नाही. ती सांगते तसा तो गाडी हाकतो आणि पोचतो कुठे तर कब्रस्तानात. साधनाच्या चेहऱ्यावर काही नाही हो, राग नाही की दुःख नाही. भुताने दात दाखवले असते तर आम्ही विसरून गेलो असतो. पुढे मी गाडी शिकलो, चाळीस वर्षं चालवली, पण पावसात वायपर अडखळला की बाजूच्या सीटकडे बघतो. बायको शेजारी बसलेली असली तरी बघतो. ती विचारते काय झालं, मी म्हणतो काही नाही.

---

नावं नुसती नावं असतात म्हणणाऱ्या नवरोबांना 'सेव्हन' (१९९५) दाखवा. आधी एक छोटा सीन, म्हातारा डिटेक्टिव्ह झोपताना लोलकाचं यंत्र लावतो, टक टक टक, आणि मग नावं सुरू होतात. काइल कूपरने केलेली, फिल्मवर हाताने ओरखडे काढून लिहिलेली अक्षरं, थरथरणारी. मधे मधे कोणाचे तरी हात. वह्या शिवणारे, फोटो कापणारे, आणि ब्लेडने स्वतःच्या बोटांच्या टोकाची कातडी काढणारे. मी तेव्हा हे सजावट म्हणून बघितलं, ईईई केलं आणि सोडून दिलं.

आणि एक लबाडी. खुन्याचं काम करणाऱ्या नटाचं नाव या सुरुवातीच्या नावांत घातलेलंच नाही. तो कधी येणार याची वाट बघायची सोयच ठेवली नाही. पुढचं सांगत नाही, नवरोबांची मजा जाईल.

---

'अंधाधुन'चा (२०१८) ससा! कोबीचं शेत, बंदूकवाला, एका डोळ्याने आंधळा ससा, गोळी, काळा पडदा. मी तेव्हा पॉपकॉर्न सांडलेले गोळा करत होते आणि म्हटलं काहीतरी जाहिरात असेल. शेवटी थिएटरात सगळे 'ओह' म्हणाले आणि मी मैत्रिणीला विचारतेय, ससा? कुठला ससा?

---

धागाकर्ती परत आलेय. एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, कपवाल्या ताईंचा आणि वायपरवाल्या काकांचा मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

काल 'सेव्हन' लावला घरी. (स्पॉयलर, ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथे थांबा.) लोलक थांबला, नावं सुरू झाली आणि साहेब सवयीने पाणी आणायला उठले. हात धरून खाली बसवलं. कुरकुर करत बसला, बोटांच्या शॉटला तोंड वाकडं केलं. मग पुढे सिनेमात गुंतला. शेवटाकडे तो माणूस स्वतः पोलिसांत येऊन हजर होतो, त्याच्या बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या असतात आणि पोलीस म्हणतात याचे ठसे का मिळत नव्हते ते आता कळलं. नवरा एकदम सरळ बसला. "थांब थांब. मागे घे. नाही, अजून मागे, ती नावं होती ना तिथे."

रात्री पावणेबाराला आम्ही परत पहिल्यापासून सुरू केला.