उत्तर: हिकरी (एक चिवट लाकूड) दांड्याच्या जुन्या गोल्फ क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठीची, दुरुस्ती

वर कुणीतरी सुचवलंय की क्लबचं डोकं (चेंडूला लागणारं टोक) खुळखुळत असेल तर क्लब रात्रभर पाण्यात ठेवा. कृपा करून असं करू नका! लाकूड फुगतं, दोन दिवस घट्ट वाटतं. वाळलं की आधीपेक्षा जास्त सैल. शिवाय आतून गंज.

लोखंडी डोक्याच्या मानेत एक आडवी पिन असते, घासून सपाट केलेली, त्यामुळे पटकन दिसत नाही. ती बारीक पंचने ठोकून काढा, दांडा सोडवा, जुना राळ-गंज खरवडा आणि इपॉक्सी (पक्का चिकटवणारा गोंद) लावून पिन परत बसवा. पुढे कधी काढायचं झालं तर मान गरम केली की इपॉक्सी सुटतं.

दांडा सँडपेपरने घासू नका, जाडी कमी झाली की लवचीकता बदलते. अगदी बारीक स्टील वूल (पोलादी तारांचा लोकरीसारखा बोळा) आणि उकळलेलं जवसाचं तेल, पातळ थरांत, पुरे. (तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा.)

डोकं चकचकीत करायचा मोह मात्र आवरा. डोक्याच्या मागच्या बाजूचा कारागिराचा छाप पुसट झाला की तो क्लब कुणाचा, कधीचा हे सांगणारी खूणच गेली.