ब्रिज: हात ४-३-३-३ असताना स्टेमन विचारायचं की सरळ तीन नोट्रम?

गंगापूररोडकर:
गेल्या गुरुवारी कॉलेज रोडला आमच्या नेहमीच्या आठ जणांत (दोन टेबलं, तेच पत्ते दोन्हीकडे फिरवतो) जे झालं त्यावरून चार दिवस टोमणे खातोय, म्हणून इथे टाकतो, तुम्हीच निवाडा करा. पार्टनर म्हणजे आमचे शेजारी नाना, माझ्या जन्माआधीपासून ब्रिज खेळतात. त्यांनी एक नोट्रम (हुकमाविना डाव) उघडलं, आमच्यात १५ ते १७ पॉइंट (एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक). माझ्याकडे इस्पिक गुलाम-१०-६-३, बदाम ९-५-२, चौकट एक्का-८-४, किलवर एक्का-राजा-५. बारा पॉइंट, गेम (बोनसची बोली) तर आहेच, मी सरळ तीन नोट्रम म्हटलं, म्हणजे नऊ हात (ट्रिक) करायचे.

बदामाचं लीड (पहिला पत्ता) आलं. नानांकडे बदामात एक्का-८ एवढेच. पहिला हात सोडला, दुसरा घेतला, मग इस्पिकाचा एक्का बाहेर काढायला गेले तर समोरच्यांनी तो घेऊन वर तीन बदाम वाजवले, एक डाउन, म्हणजे एक हात कमी. २७ पॉइंट असून! दुसऱ्या टेबलावर चार इस्पिक, दहा हात, आरामात.

तरी माझं म्हणणं कायम आहे. माझा हात पाटासारखा सपाट, एकही रंग तोकडा नाही, मी कापणार काय? मग नऊ हातांचं काम दहाचं का करून घ्यायचं? शिवाय दोन किलवर म्हणून स्टेमन विचारलं (चार पत्त्यांचा मेजर, म्हणजे इस्पिक किंवा बदाम, आहे का हा प्रश्न) आणि पार्टनर 'दोन चौकट' बोलला की समोरच्याला फुकटात कळतं की याच्याकडे चार पत्त्यांचा मेजर नाही. सांगून सवरून लीड कशाला द्यायचं?

बदामराणी:
दादा तुम्ही स्वतःचाच हात बघताय. स्टेमन हा प्रश्न पार्टनरच्या हाताबद्दल आहे हो, तुमच्या नाही. तुम्ही सपाट आहात म्हणून नाना पण सपाट असतील असं कुठे आहे? नानांचा पूर्ण हात टाका बरं.

गंगापूररोडकर:
इस्पिक राजा-राणी-७-४, बदाम एक्का-८, चौकट राजा-राणी-६-३, किलवर गुलाम-९-२. पंधरा.

बदामराणी:
हं, मग बघा. बदाम दोनच, म्हणजे डमीतला (उघड्या मांडलेल्या तुमच्या हातातला) तिसरा बदाम नाना हातात कापणार. त्यांचा चौथा चौकट डमीत कापायचा. इस्पिकचा एक्का, एक बदाम, एक किलवर, एवढे तीनच गेले, बाकी दहा तुमचे. चार-चारच्या फिटची (दोघांकडे चार-चार हुकूम) गंमतच ही आहे, तीनदा हुकूम काढले तरी दोन्हीकडे एकेक उरतो आणि ते दोन वेगवेगळे हात करतात. नोट्रममध्ये तो जादाचा हात येणार कुठून?

सिडकोचा_गुलाम:
मी गंगापूररोडकरांच्या बाजूने. निकाल बघून बोली ठरवायची हे बरोबर नाही. बदाम ४-४ असते तर हेच तीन नोट्रम झालं असतं, आणि किलवरचं लीड आलं असतं तरी झालं असतं. मग म्हणाला असता वा काय बोली. आणि पेअर्समध्ये (जोड्यांच्या स्पर्धेत) ४३० ने ४२० ला मारता येतं हे विसरू नका, दोन्हीकडे दहा हात होत असतील तर नोट्रमवाला वर.

बदामराणी:
होत असतील तर ना. आणि हे पेअर्स नव्हतंच, दोन टेबलांची टीम होती. ४२० आणि वर तुमचे डाउनचे ५०, ४७० चा फरक, म्हणजे दहा आयएमपी (टीमचे गुण). तिथे दहा पॉइंटांच्या बोनससाठी कोण गेम पणाला लावतं?

आकडेमोड:
शक्यता बोलूया. समोरच्यांकडे बदाम आठ. ते ५-३ फुटायची शक्यता साधारण ४७ टक्के, ४-४ ची ३३. चार इस्पिकला लागतं काय तर पाच हुकूम ३-२ फुटणं, ते ६८ टक्के. सिडकोवाल्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही कारण बोली गुप्त राहिली तर लीड दरवेळी बदामाचं येईलच असं नाही, पण तरी ६८ मला जास्त आवडतं. दोन्ही हात ४-३-३-३ आणि दोघांचे तीन-तीन पत्ते त्याच रंगांत असतील तरच मी डोळे मिटून तीन नोट्रम म्हणेन, पण ते बोलीत कळतं कुठे?

जुना_रबरवाला:
तुमचं हे स्टेमन-फिमन वाचून डोकं गरगरलं. नाशिकरोडला आम्ही ड्युटी संपल्यावर रबर ब्रिज खेळायचो, नोट्रम १६ ते १८, इस्पिक असतील तर इस्पिक म्हणा, बदाम असतील तर बदाम. माझ्या पुतण्याने मला ट्रान्सफर शिकवली. त्याने दोन चौकट म्हटलं, म्हणजे बदाम आहेत म्हणे पाच, मी बदाम म्हणायचं विसरलो आणि पास! मी डमी, माझ्याकडे चौकटीचे तीन, त्याच्या हातात एकच, चार हुकमांवर त्याला डाव खेळावा लागला. पोरगं तेव्हापासून माझ्या टेबलावर बसत नाही.

बदामराणी:
😂 काका, विसरणं हा तुमचा दोष, ट्रान्सफरचा नाही. पण तुम्ही म्हणता तसं सरळ 'दोन बदाम' म्हटलं तर डाव कमकुवत हात खेळतो, आणि एक्के-राजे असलेला हात डमी म्हणून उघडा पडतो. ट्रान्सफरने लीड जोरदार हाताकडे येतं आणि तो झाकलेलाही राहतो. शिवाय हातात शून्य पॉइंट असले तरी दोन बदामावर थांबता येतं.

जुना_रबरवाला:
हो हो. दोन बदामावर थांबायला आधी चौकट म्हणायचं. म्हणजे सीबीएस बसस्टँडला जायला आधी त्र्यंबकला जाऊन यायचं.

आकडेमोड:
काका, तुमच्या तरुणपणीही ही बोली होतीच बरं का. स्टेमन १९४५ सालापासून छापील आहे. आणि मूळ डोकं सॅम स्टेमनचं नाहीच, त्याचा पार्टनर जॉर्ज रापे याचं, स्टेमनने लेख लिहिला म्हणून नाव त्याचं पडलं. आपल्याकडे नाही का, जागा एकाची, भाषण दुसऱ्याचं.

सिडकोचा_गुलाम:
विषय भरकटला. मला एकच सांगा, पार्टनर स्टेमनला 'दोन बदाम' म्हणाला असता तर? मग तीन नोट्रमवर यायचं आणि चार इस्पिक असल्याचं सांगूनही झालं. बडबड जास्त, फायदा शून्य.

बदामराणी:
शून्य कसा? नानांकडे चार बदाम आणि चार इस्पिक दोन्ही असतील तर ते तिथून चार इस्पिकवर दुरुस्ती करतात. आणि नसतील तर तुम्ही तसेही तीन नोट्रमवरच होता. हां, लीड करणाऱ्याला थोडी माहिती गेली, ते मान्य. तेवढी किंमत मी देते.

नाना_पंचवटी:
मीच तो नाना. नातवाने हे दाखवलं. अरे लेका, चार दिवस कोण टोमणे मारतंय, मी एकदाच बोललो, ते पण चिवडा संपल्यावर. तुझं सपाट हाताचं म्हणणं मी पूर्वी स्वतः करत असे, पण ते फक्त तुझ्याकडे १५-१६ पॉइंट असतील आणि मेजर नुसता चार तिऱ्या-दुऱ्यांचा असेल तेव्हा, मग नऊ हात नुसत्या पॉइंटांच्या जोरावर होतात. तुझ्याकडे इस्पिक गुलाम-दश्शी होती आणि बदामात नश्शीच्या वर काही नाही! बदामात तीन फालतू पत्ते दिसल्यावर नोट्रमला एवढी घाई? ते तीन बदाम वाजत होते तेव्हा मी तुझ्याकडे नाही, पंख्याकडे बघत होतो.

गंगापूररोडकर:
नाना, बदामाचं मान्य. पण बदामात राणी-१०-५ असते तर मी परत तीन नोट्रमच म्हणणार हे आधीच सांगून ठेवतो.

नाना_पंचवटी:
म्हण. मी चार इस्पिक म्हणेन. गुरुवारी सहाला ये, खुर्ची घेऊन ये, एक मोडलीय.