पोट्ट्याचा पहिला डिअर सीझन, सेकंडहँड .३०८ रायफल घेतली आहे, तयारी काय सांगू?

धरमपेठचे_काका
नमस्कार मंडळी. पोट्टा नोकरीसाठी विस्कॉन्सिनला आहे, मॅडिसनजवळ. तिकडे दरवर्षी नोव्हेंबरात हरणांचा रायफल सीझन असतो, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून ९ दिवस, आणि यंदा ऑफिसातल्या मित्राच्या शेतावर हा पण जाणार म्हणून राहिला. रायफल सेकंडहँड घेतली, बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे ओढायचा), वर स्कोप म्हणजे नेमाची दुर्बीण बसवलेली आहे. आता मला फोन करून विचारते की बाबा, आजोबांची .३१५ घरी होती तेव्हा तुम्ही काय काय करायचे. ती इशापूरची होती, वडिलांच्या लायसन्सवर, काटोलकडच्या शेतात रानडुकरं यायची म्हणून घेतलेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती कपाटातच राहिली, तरी वडील दिवाळीच्या आधी बाहेर काढून नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग पुलथ्रूने (नळीतून ओढायच्या दोरीने) चिंधी ओढायची, मग तेल. वडील गेल्यावर आम्ही जमा करून टाकली. मला येतं ते इतकंच. तर पोराला उकळतं पाणी सांगू का? स्कोपचं मला काहीच कळत नाही, आमच्या .३१५ ला नव्हताच. आणि तिथली थंडी म्हणजे काही विचारू नका. सविस्तर सांगा, अजून दीड महिना आहे हाताशी.

कामठीचा_आर्मरर
काकाजी नमस्कार. फौजेत माझं कामच हे होतं म्हणून जरा लांब लिहितो.

पाण्याचं आधी. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधून (बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीतून) क्षार नळीत राहायचे, ते हवेतला ओलावा ओढून नळी आतून खायचे, आणि क्षार तेलाने जात नाही, पाण्याने जातात. म्हणजे तुमचे वडील एकदम बरोबर करत होते. आता तिकडच्या दुकानात नवीन .३०८ च्या गोळ्या मिळतात त्यांना तो त्रास नसतो, त्यामुळे पाणी नको.

सगळ्यात पहिले रायफल रिकामी आहे का ते डोळ्यांनी आणि बोटाने दोन्हीने बघायचं, मग बोल्ट काढून चेंबरकडून (गोळी बसते त्या मागच्या बाजूने) उजेडाकडे धरून नळीत बघायचं. सेकंडहँड मालात वाळलेलं ग्रीस, तुटलेला चिंधीचा तुकडा, कधी किड्याचं घर, काहीही निघते, आणि अडथळा असताना गोळी सोडली तर नळी फुगते नाहीतर फाटते. सफाई चेंबरकडूनच करायची. पुढच्या टोकाची कड असते ना, गोळीला शेवटचा स्पर्श तिचा होतो, तिकडून रॉड घासला आणि कड झिजली की मग कितीही महागाचा स्कोप लावा. सॉल्व्हंट, ब्रॉन्झचा ब्रश, मग चिंध्या. चिंधी निळसर हिरवी निघत असेल तर तांब्याचा थर बसला आहे, तांब्याचं सॉल्व्हंट लावा पण बाटलीवर लिहिलंय त्याच्यापेक्षा जास्त वेळ ठेवू नका.

आता जे बरेच जण करत नाहीत ते. सीझनच्या आदल्या रात्री नळी चकाचक करून तेल मारून जायचं नाही. तेलकट नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाऊ शकते, आणि हरणावर बहुतेक वेळा ती पहिलीच गोळी मिळते. साफ करा, कोरडी करा, रेंजवर झिरो करा (नेम धरला तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवा), आणि त्याच मळक्या नळीने शिकारीला जा. पूर्ण सफाई घरी आल्यावर. फक्त बर्फात पावसात भिजली तर त्याच दिवशी पुसायची.

थंडीसाठी बोल्ट पूर्ण खोलून जुनं तेल धुऊन काढायला सांगा. घट्ट तेल गारठून फायरिंग पिनला जोराने जाऊ देत नाही, ट्रिगर दाबला की नुसता टक आवाज. हलक्या तेलाचा पुसट हात पुरे. आणि सेफ्टी तपासायची, रिकामी रायफल, बोल्ट बंद, सेफ्टी लावून ट्रिगर दाबायचा, सोडायचा, मग हात न लावता फक्त सेफ्टी काढायची. पिन सुटली तर ती रायफल गनस्मिथकडेच. घरी यूट्यूब बघून ट्रिगरशी खेळायचं नाही. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून रिकॉल निघाला आहे का तेही बघून घ्या.

प्रोन_५०मीटर
आर्मरर भाऊंनी रायफलचं सगळं सांगितलं, मी स्कोप आणि झिरोचं सांगतो. मी हरण नाही मारत, कागदच मारतो, पण हिशोब तोच.

आधी स्क्रू. स्कोप धरणाऱ्या बेसचे, रिंगचे आणि लाकडाला ॲक्शन धरणारे, तिन्ही. सेकंडहँड रायफल घेऊन लोकं झिरो होत नाही म्हणून गोळ्या जाळत बसतात आणि बेसचा स्क्रू ढिला निघते. टॉर्क ड्रायव्हर घ्या, आकडा कंपनीचाच पकडा, रिंगला साधारण १५ ते २० इंच-पाउंड असतो, अंदाजाने पिळला तर स्कोपची नळी दबते.

मग ज्या गोळीने शिकार करायची त्याच गोळीने झिरो. तीच कंपनी, तेच वजन, जमलं तर एकाच लॉटचे दोन-तीन डबे. स्वस्तातल्या फुल मेटल जॅकेटवर झिरो करून शेवटच्या दिवशी सॉफ्ट पॉइंट (शिकारीची मऊ टोकाची) भरली तर मार बदलतो. आणि नळीवर काय कोरलंय ते आणि डब्यावर काय छापलंय ते अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे, मित्राच्या खिशातली गोळी उचलून भरायची नाही.

सुरुवात २५ यार्डावर. बोल्ट काढा, नळीतून निशाणाचा मध्य बघा, रायफल न हलवता स्कोपचा क्रॉस तिथे आणा. पाव मिनिटाचा स्कोप (एका क्लिकला १०० यार्डावर साधारण पाव इंच सरकणारा) असेल तर १०० यार्डावर १ इंचाला ४ क्लिक लागतात, २५ यार्डावर त्याच १ इंचाला १६, इथे लोकं गोंधळतात. मग १०० यार्डावर जाऊन तीन गोळ्यांचा ग्रुप, त्या ग्रुपच्या मध्यापासून मोजून स्कोप फिरवायचा, एका एका गोळीमागे पळायचं नाही. मध्ये नळी थंड होऊ द्यायची. १५० ग्रेन वजनाची .३०८ गोळी असेल तर १०० वर मार मध्याच्या २ इंच वर ठेवा, साधारण २०० यार्डाला बरोबर मध्यावर येते.

पण काका, सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. टेबलावर पिशवीत रायफल ठेवून आलेला ग्रुप हा रायफलचा ग्रुप आहे, पोराचा नाही. जंगलात टेबल नसते. त्याला बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने सराव करू द्या. व्हाइटटेलचं (तिकडच्या हरणाचं) काळीज-फुफ्फुस म्हणजे जवळपास ८ इंचाचं वर्तुळ. ८ इंचाची कागदी प्लेट लावा, ज्या पोझिशनमध्ये, ज्या अंतरावरून दर गोळी प्लेटमध्ये जाते तेवढीच त्याची रेंज. त्याच्या पुढचं हरण दिसलं तर जाऊ द्यायचं. जखमी होऊन पळालेलं जनावर रात्रभर तडफडते, ह्याच्यात तडजोड करू नका.

मिल्वॉकीचा_नागपूरकर
रायफलच्या आधी व्हिसा विचारा काका! पोरगा एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असेल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने त्याला बंदूक आणि गोळ्या दोन्ही जवळ ठेवायला मनाई आहे. ह्याला अपवाद मोजकेच, त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्डवाल्याला हा प्रश्न नाही. तर लायसन्स हातात आहे का आणि त्याची तारीख उलटली नाही ना, हे आजच बघायला सांगा, इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन केला तर अजून बरं. आपली पोरं हे न कळता अडकतात.

बाकी विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट लागते, नाहीतर मेंटरच्या (सोबतच्या जाणत्या शिकाऱ्याच्या) हाताच्या अंतरावर राहून शिकार करावी लागते. कंबरेच्या वरचे निम्मे कपडे भडक केशरी किंवा भडक गुलाबी, टोपीचंही तसंच. गाडीत रायफल रिकामी. सीझनच्या आधी बरेच क्लब झिरो करायला रेंज सगळ्यांना उघडी ठेवतात, तिथे म्हातारे लोकं फार मनापासून शिकवतात. आणि हरण मिळालं तर खाण्याआधी सीडब्ल्यूडीची टेस्ट, हा हरणांच्या मेंदूचा रोग तिथे २००२ पासून आहे, टेस्ट फुकट होते, रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये.

उमरेडचा_जंगलवेडा
सगळं वाचलं. मला राहवत नाही म्हणून लिहितो, आपण ज्या पेंच-कऱ्हांडल्यात चितळ बघायला पहाटे उठून जातो त्याच गावच्या पोराने हरण मारायची तयारी आपण शिकवून राहिलो. काहून पण? कॅमेरा घेऊन जा म्हणा ना.

मिल्वॉकीचा_नागपूरकर
भाऊ तुमची कळकळ समजते, इथे आपल्याकडे शिकार बंद आहे ते योग्यच आहे, ती बंद केली नसती तर चितळ उरलं नसतं. पण आपल्या चितळामागे वाघ, बिबट, रानकुत्रे आहेत. दक्षिण विस्कॉन्सिनच्या शेतांमध्ये हरणांना धरणारं मोठं जनावर जवळपास नाही, पिकं खातात, गाड्यांखाली येतात, म्हणून राज्य सरकारच भागाभागाप्रमाणे परवाने ठरवून देते. रायफल आणि गोळ्यांवर ११ टक्के केंद्रीय कर १९३७ च्या कायद्यापासून वन्यजीवांच्या कामाला जातो. तरी तुम्हाला पटलं पाहिजे असं नाही.

धरमपेठचे_काका
सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिसाचं माझ्या डोक्यातच नव्हतं, रात्री फोन लावतो. उमरेडवाले भाऊ, तुमचं म्हणणं पण त्याला वाचून दाखवतो, ठरवायचं त्याने. आर्मरर साहेब एक राहिलं, संध्याकाळी उणे १० मधून हीटरच्या घरात रायफल आणली तर चालते का? त्याच्या चष्म्यावरच वाफ धरते म्हणते.

कामठीचा_आर्मरर
हो जी, तसंच होते, चष्म्यावर दिसते आणि बोल्टच्या आत दिसत नाही एवढाच फरक. ते पाणी सकाळी बाहेर गोठलं की बोल्ट जाम. सीझनभर रायफल रिकामी करून, बोल्ट वेगळा काढून, कुलूप लावून थंड गॅरेजमध्येच राहू द्या. घरात आणायचीच असेल तर बाहेरच केसमध्ये बंद करायची आणि केस घरात दोन-तीन तास उघडायची नाही, मग बोल्ट काढून सगळं पुसून घ्यायचं. लेन्सला कपडा कोरडा घासू नका, आधी ब्रशने धूळ झटकायची. आणि रेंजवर जाईल तेव्हा त्या टार्गेटचा फोटो इथे टाका, ग्रुप बघून सांगतो.