१९६७ ची मस्टँग : आधी इंजिन की आधी पत्रा?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

मी नुकतीच १९६७ ची फोर्ड मस्टँग फास्टबॅक (मागे उतरत्या छताची) विकत घेतली असून ती कित्येक वर्षे एका शेतावरच्या कोठारात उभी होती. व्हिन क्रमांकातील (गाडीच्या ओळख क्रमांकातील) दुसरे अक्षर ‘एफ’ असल्याने ती आपल्या मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्याच कारखान्यातली आहे आणि पाचवे अक्षर ‘एस’ असल्याने मूळची ३९० घनइंची व्ही-८ इंजिनाची आहे. सगळे काम घरच्या गराजमध्ये करायचे आहे. ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझपर्यंत (डेट्रॉईट भागातल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यापर्यंत) गाडी रस्त्यावर यावी, म्हणून आधी इंजिनाचे काम आणि लगेच रंग, असा बेत आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

— एक सभासद, कँटन

सप्रेम नमस्कार,

गाडीबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. क्रम मात्र बदलावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. या मस्टँगला स्वतंत्र चासी नाही. जमिनीचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या आणि पुढचा सांगाडा मिळूनच सगळा भार पेलतात. त्यामुळे पत्रा सडलेला असेल तर इंजिन कितीही उत्तम बांधले तरी ती गाडी सुरक्षित होत नाही, आणि मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यांवर पडणारे मीठ हे किती वेगाने घडवते, ते आपण सारेच पाहतो.

सर्वांत आधी काउल तपासावा. पुढच्या काचेखाली ज्या जाळीतून हवा आत घेतली जाते, तिच्या खाली दोन पत्र्यांचा बंद कप्पा आहे. जाळीतून शिरलेले पाणी त्यातून दोन्ही कडांना वाहून खाली पडावे, अशी योजना आहे. पण तिथे पानांचा कचरा साचून ओल टिकते, हवेच्या भोकाभोवतीची उभी कड आतून गंजते आणि पाणी थेट गालिच्याखाली उतरते. बाहेरून काहीही दिसत नाही. गालिचा काढून एकाने डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन आडवे व्हावे आणि दुसऱ्याने झारीने जाळीवर, आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला, सावकाश पाणी ओतावे. एक थेंब जरी आत आला तरी काउल उघडावा लागेल. त्यासाठी काच आणि पुढचे फेंडर उतरवून स्पॉट वेल्डचे टाके एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात. नव्या रंगावर हे काम करण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

जमिनीचा पत्रा बदलायचा झाल्यास कापण्यापूर्वी दारांच्या चौकटींत आडवे आधार लावावेत आणि एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नये. नाहीतर सांगाडा खचतो आणि दारे पुन्हा नीट बसत नाहीत. मिग वेल्डिंग (तारेने करायचे विद्युत वेल्डिंग) सलग न करता दूरदूर टाके घालत जावे, म्हणजे पत्रा उष्णतेने वाकत नाही. पुट्टी कुठे थापली आहे ते साध्या चुंबकाने कळते, कारण तिथे तो नीट चिकटत नाही. छताच्या सांध्यांत शिसे भरलेले असते आणि जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते; दोन्हींची धूळ घातक असते. तेव्हा सांधे कोरडे घासू नयेत आणि ब्रेकची धूळ हवेच्या झोताने मुळीच उडवू नये, कारण आपल्या बहुतेकांचे गराज घराला जोडलेले असते आणि मुले तिथून ये-जा करतात.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. डाव्या फेंडरखालच्या पत्र्यावर ठोकलेला व्हिन क्रमांक दारावरच्या पट्टीशी ताडून पाहावा, कारण दारावरची पट्टी नवी करून मिळते. तो पत्रा गंजला असला तरी क्रमांकाचा भाग कापून टाकू नये. कायद्याच्या दृष्टीने ती गंभीर बाब आहे.

यंदाच्या ऑगस्टची मुदत सोडावी, असे मला वाटते.

— एक निवृत्त बॉडी इंजिनिअर, ट्रॉय

सप्रेम नमस्कार,

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. पत्र्याचे काम चालू असेपर्यंत इंजिन मात्र तसेच सोडू नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, ते मुरू द्यावे आणि मगच क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने हळू फिरवावे. थेट स्टार्टर मारू नये. पुढे नवी कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बसवाल तेव्हा जस्त अधिक असलेले तेल वापरून पहिल्यांदा सुमारे २० मिनिटे २,००० आरपीएमच्या आसपास चालवावे, कारण आजच्या साध्या तेलात कॅमशाफ्टवर घासत चालणाऱ्या जुन्या सपाट टॅपेटला पुरेल इतके जस्त नसते. इंजिन उतरवण्यासाठी चेन-पुली आणि स्टँड माझ्याकडे आहे. कोणत्याही शनिवारी घेऊन जावे, मीही मदतीला येईन.

— एक सभासद, नोव्हाय